विकिपीडियावर 'जोखीम संवाद' लिहायला घेतलंय, सहा जणांचा ग्रुप, आणि पहिल्याच रात्री पाटी लागली

संत्राबर्फी (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सॉरी. मी नागपूरला मास कम्युनिकेशनच्या एमएला आहे, दुसरं वर्ष. आमच्या मॅडमनी या सेमला टर्म पेपर रद्दच केला आणि सांगितलं की सहा-सहा जणांचे ग्रुप करा, विज्ञान संवाद नाहीतर जोखीम संवाद (रिस्क कम्युनिकेशन, म्हणजे धोक्यांबद्दल लोकांशी कसं बोलावं ते) यातला एक विषय घ्या आणि मराठी विकिपीडियावर लेख लिहा, तुमचे पेपर माझ्या कपाटात सडतात, हे निदान कोणी वाचेल तरी. आयडिया मला मनापासून आवडली, कारण मी स्वतः मराठीत शोधलं होतं तेव्हा हाताला लागलं ते सगळं 'नागरिकांनी सतर्कता बाळगावी' छाप.

आमच्या वाट्याला 'जोखीम संवाद' आलाय आणि उदाहरणाला नागपूरचा उन्हाळा घ्यायचं ठरलं. पण झालं असं की ग्रुपमधल्या एका महाशयांनी (नाव घेत नाही, तो इथे वाचत असतो) इंग्रजी लेख भाषांतराच्या टूलमध्ये टाकला, मधेमधे एका पेपरच्या साइटवरचे दोन परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले आणि रात्री एक वाजता थेट प्रकाशित करून झोपला. सकाळी बघतो तर लेखावर इशाऱ्याच्या दोन पाट्या, एक अविश्वकोशीय (ज्ञानकोशात न शोभणाऱ्या) मजकुराची आणि एक प्रताधिकार (कॉपीराइट) भंगाची. चूक आमचीच, त्यात वाद नाही. टूलने 'रिस्क ॲपेटाइट'चं (किती जोखीम पत्करायची तयारी, त्याचं) 'जोखीम भूक' केलं होतं आणि ते सहापैकी एकानेही वाचलं नव्हतं. आता सगळं उचलून धूळपाटीवर (विकिपीडियावरचं कच्च्या सरावाचं पान) आणलंय, नव्याने लिहितोय.

अडलंय ते असं. मागच्या मे महिन्यात मी वर्धा रोडवरच्या एका बांधकामाच्या साइटवर चौदा मजुरांशी बोलले होते, 'ऑरेंज अलर्ट' म्हटल्यावर तुम्हाला काय कळतं म्हणून. एक काका म्हणाले, संत्र्याचा भाव पडला असंल. माझ्याकडचं सगळ्यात भारी मटेरियल हेच आहे, ते लेखात घालता येईल का? दुसरं, सुरुवात मला नागपुरात ५६ डिग्री झाल्याच्या त्या बातमीने करायचीय, ग्रुपमधले म्हणतात तो किस्सा झाला, लेख नाही. आणि शब्द! हॅझर्ड आणि रिस्क दोन्हीला आपण धोकाच म्हणतो, मग त्यातला फरक मराठीत सांगायचा तरी कसा? जाता जाता हेही सांगते की मॅडम मार्क देणार शब्दसंख्या बघून, किमान अडीच हजार.

---

तर्रीवाला (मंगळवार, रात्री ११:५८)

ताई, छप्पनचं लिहूनच टाका, ते नाही लिहिलं तं नागपूरचा उन्हाळा कायचा.

ज्यांना आठवत नसंल त्यांच्यासाठी, ३० मे २०२४. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातलं जे ऑटोमॅटिक केंद्र आहे ना, त्याच्यावर ५६ आलं. आदल्या दिवशीच दिल्लीच्या मुंगेशपूरले ५२.९ आलं होतं, तं टीव्हीवाले पेटलेलेच होते. मीच मले लाज वाटंल इतक्या ग्रुपवर ते फॉरवर्ड केलं, आन वरून लिहिलं 'घराबाहेर पडू नका, मरान'. आता गंमत पाहा. जगाचा रेकॉर्ड आहे ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा. म्हणजे आपण ०.७ नं हुकलो, नाही तं रामदासपेठेत टुरिस्ट आले असते. त्याच दिवशी नागपूर परिसरातल्या दुसऱ्या दोन केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं. एकाच शहरात बारा डिग्रीचा फरक, मले तेव्हाच डोकं लावाले पाहिजे होतं, पण त्या उन्हात डोकं चालते कोणाचं. मंग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता, दिल्लीचंही तीन डिग्री जास्त दाखवून राहिलं होतं असं निघालं.

आपला खरा रेकॉर्ड ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा, सोनेगावचा. तो काही कमी आहे का? पण आमचे मामेसासरे आजही लग्नात बसले की सांगतात, 'छप्पन झालं होतं ना बाप्पा.' सेन्सरचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मीपण दुरुस्ती फॉरवर्ड केली नाही, खरं सांगतो. कोण वाचते दुरुस्ती.

---

जुना_खातेदार (बुधवार, सकाळी ६:१५)

मी बरीच वर्षं तिथे संपादनं करतो, त्यामुळे थोडं कडू बोलेन, राग मानू नका.

विद्यार्थ्यांकडून लेख लिहून घेणं हा प्रकार नवा नाही. २०११ साली पुण्यात मोठ्या प्रमाणावर करून झालाय, इंग्रजी विकिपीडियावर, शेकडो विद्यार्थी होते. पोरांनी पुस्तकातली पानंच्या पानं उतरवली, साफ करता करता जगभरच्या स्वयंसेवकांच्या नाकी नऊ आले आणि शेवटी तो उपक्रम गुंडाळावा लागला. पोरं वाईट होती असं नाही, त्यांना मार्क हवे होते आणि लेख तपासणाऱ्याला वेळ नव्हता. अडीच हजार शब्दांची अट ऐकली आणि मला तेच आठवलं. मॅडमना नम्रपणे सांगा की शब्द मोजू नका, संदर्भ बघा, आणि प्रत्येकाच्या योगदानाचा इतिहास उघडा, तिथे कोणी किती आणि कधी लिहिलं ते वेळेसकट दिसतं, रात्री एक वाजताचंसुद्धा.

आता तुमचे चौदा मजूर. नाही चालणार. मूळ संशोधन ज्ञानकोशात येत नाही, कितीही भारी असलं तरी, कारण वाचकाला ते पडताळून बघता येत नाही, तुमच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. ते प्रबंधात घाला, जर्नलला पाठवा, ते छापून आलं आणि दुसऱ्या कोणी त्याची दखल घेतली की मग बघू. आणि तेव्हाही स्वतःच स्वतःचा संदर्भ घालायला धावू नका. मॅडमचं पुस्तक असेल तर त्याचाही.

५६ चा प्रसंग मात्र चालेल, बातम्या आहेत, खात्याचं स्पष्टीकरण आहे. फक्त सुरुवातीला नको. पहिल्या वाक्यात विषय म्हणजे काय ते हवं. माणूस व्याख्या शोधत आलेला असतो आणि तुम्ही त्याला रामदासपेठेत फिरवणार.

भाषेचं एक. तुमच्या धूळपाटीवर 'दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नये, भरपूर पाणी प्यावे' असं असणार, मी पैज लावतो. ज्ञानकोश हुकूम सोडत नाही. 'अमुक संस्था असा सल्ला देते' एवढंच लिहायचं, आणि खाली संदर्भ. हे विद्यार्थ्यांना फार जड जातं, विशेषतः जोखमीच्या विषयात, कारण तिथे लिहिणाऱ्याला आपोआपच लोकांना वाचवायची घाई होते. आजारासंबंधीच्या वाक्यांना पेपरचं कात्रण चालत नाही, एखादा सुटा अभ्यासही शक्यतो नको, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आढावा किंवा वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचना लागतात. संदर्भ इंग्रजी असले तरी हरकत नाही. इंग्रजी विकिपीडियाचं भाषांतर करायलाही परवानगी आहे, पण संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टीपेत) तसं लिहावं लागतं. आणि सरकारी पुस्तिका म्हणजे सगळ्यांची, उतरवा बिनधास्त, असं समजू नका. आपल्याकडे सरकारी साहित्यालाही प्रताधिकार असतो, साठ वर्षं.

अजून एक, सहा जणांत एक खातं वापरत असाल तर आजच बंद करा, एक माणूस एक खातं. आणि सगळा वर्ग एकाच दिवशी कॉलेजच्या लॅबमधून खाती काढायला बसलात तर एका आयपीवरून दिवसाला सहाच निघतात, सातव्याला नकार येतो आणि मग लोक म्हणतात साइट बंद आहे. घरून काढून या.

अवांतर: केतकरांच्या ज्ञानकोशाचं मंडळ नागपूरचंच होतं, जुन्या खंडांवर छापलेलं आहे. २३ खंड, १९२० च्या दशकात, टाइपरायटरसुद्धा जेमतेम असताना. तुमच्याकडे सहा लॅपटॉप आहेत.

---

संत्राबर्फी (बुधवार, सकाळी ९:०२)

पैज जिंकलात 🙈 '१२ ते ४' आहे, आणि 'उन्हात जाताना खिशात कांदा ठेवावा' हेही होतं, ते मी काल रात्रीच काढलं.

मजुरांचं वाईट वाटलं पण पटलं. मॅडमशी आज बोलते. खातं एकच होतं, होय.

---

सलाईन_आणि_गोळी (बुधवार, दुपारी ३:३०)

मी काटोलकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, तुमचं विकीबिकी मला येत नाही, पण उन्हाचं सांगते.

तुम्ही लेखात 'उष्माघात' लिहाल, बरोबर, आमच्या रजिस्टरलाही तेच लिहितात. पण केंद्रात येणारा एकही माणूस तो शब्द बोलत नाही. 'मॅडम, याले लू लागली', 'ऊन लागलं', 'ऊन भोवलं', असं म्हणतात. उष्माघात हा त्यांच्या लेखी पेपरातला शब्द आहे, माणूस मेल्यावर छापून येणारा. त्यामुळे घरच्यांना वाटतं आपल्या माणसाला नुसती लू लागलीय, उष्माघात थोडीच झालाय, कांदा चोळू, पन्हं पाजू, संध्याकाळी बरा होईल. आता साधं ऊन लागणं, म्हणजे चक्कर, मळमळ, गळून जाणं, सावलीत बसवून पाणी-ओआरएस दिलं की बहुतेक सुधारतं, म्हणून तर लोकांचा विश्वास बसलाय. पण अंगाचा ताप ४० च्या वर आणि माणूस बरळायला लागला, ओळखेनासा झाला, झटके आले तर ती वेगळी गोष्ट आहे, तिथे मिनिटं मोजायची असतात, पाणी ओतून वारा घालून आधी अंग थंड करायचं आणि त्यासोबतच गाडी बोलवायची. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पन्हं ओतायचं नाही, ठसका लागून जायचा. आणि तापाची गोळी याला चालत नाही, हा तो ताप नाही, हे मी दर उन्हाळ्यात किती वेळा सांगते त्याला हिशोब नाही.

अजून एक चुकीचं पसरलंय, घाम येत असेल तर उष्माघात नाही. म्हाताऱ्या माणसाचं अंग कोरडं पडतं बरेचदा, पण राबणारा तरुण घामाने निथळत असताना सुद्धा कोसळतो.

तर माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या घरी माणूस पडलाय तो मोबाइलवर 'लू' टाकेल. तुमचा लेख त्याला सापडेल का?

---

जुना_खातेदार (बुधवार, दुपारी ४:१०)

सिस्टर, याची सोय आहे, आणि मला ती सुचायला हवी होती. पुनर्निर्देशन. 'लू लागणे', 'ऊन लागणे' अशी पानं करून ती उष्माघातच्या लेखाकडे वळवायची, दोन मिनिटांचं काम. लेखाच्या पहिल्या ओळीतही 'विदर्भात लू लागणे असे म्हणतात' घालता येईल, त्याला संदर्भ शब्दकोशाचा मिळेल.

---

चौथं_वर्ष_चालू (बुधवार, रात्री १०:४५)

पीएचडी करतोय, याच विषयात, चौथं वर्ष आहे म्हणजे कशात आहे ते नावावरून समजून घ्या. मूळचा यवतमाळचा, राहतो नागपूरला.

आधी एक इशारा, कारण हे तुम्हाला कोणी सांगणार नाही आणि माझ्या एका मित्राचा यात जीव टांगणीला लागला होता. विकिपीडियावर तुम्ही स्वतः लिहिलेला परिच्छेद पुढे डिझर्टेशनमध्ये तसाच घातला तर तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो चोरी म्हणून लाल होतो. त्याला काय माहीत ते खातं तुमचं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, त्याच्यावर गेलं की सुधारून पुन्हा द्या, ४० च्या वर वर्षभर सबमिट करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. तेव्हा डिझर्टेशन वेगळ्या शब्दांत लिहा.

आता विषय. अर्धे विद्यार्थी जोखीम संवाद म्हणजे 'लोकांना माहिती नाही, आपण देऊ, मग ते शहाणे होतील' असं धरून चालतात, त्याला आमच्याकडे डेफिसिट मॉडेल म्हणतात, आणि तुमचा लेख नुसता तेवढ्यावर उभा राहिला तर चाळीस वर्षं जुना होईल. १९८७ मध्ये पॉल स्लोविकने 'सायन्स'मध्ये मांडलं की लोक जोखीम मोजतात ती मेलेल्यांच्या आकड्याने नाही, ती गोष्ट किती भयानक वाटते आणि किती अनोळखी आहे यावरून. आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. वाघाने एक माणूस मारला की चंद्रपूर-गडचिरोलीत रस्ता रोको होतो, मंत्री येतात. साप चावून देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात असा २००० ते २०१९ चा अंदाज आहे, जवळपास बारा लाख वीस वर्षांत, त्याच्यासाठी कुठे रस्ता अडलेला मी तरी पाहिला नाही. पीटर सँडमन याच्याही पुढे जातो, तो म्हणतो जोखीम म्हणजे धोका अधिक संताप. मला हे सूत्र थोडं चटपटीत वाटतं, कन्सल्टंटच्या स्लाइडवर शोभणारं, पण रस्ता रोकोसमोर उभं राहिल्यावर पटतं. लोक चुकतात असं नाही म्हणायचं हं मला, सरकार आमचं ऐकत नाही हा संताप खराच असतो, वाघ फक्त निमित्त.

आकड्यांबद्दल एक काळजी घ्या. 'धोका दुप्पट झाला' हे वाक्य लेखात एकटं सोडू नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका दुपटीने वाढतो, शंभर टक्के. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात सात हजारांत एक होतं ते सात हजारांत दोन झालं होतं. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले, आणि गंमत म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो. आकडा खोटा नव्हता, छेद लपला होता. म्हणून कितीत किती ते आधी लिहायचं आणि पट मागून.

उलटी बाजूही घाला, नाहीतर लेख 'घाबरवू नका' एवढंच सांगेल. इटलीत लाक्विलाला २००९ च्या एप्रिलमध्ये भूकंपात तीनशेवर माणसं गेली, त्याच्या आठवडाभर आधी छोटे छोटे धक्के बसत होते आणि अधिकाऱ्याने लोकांना सांगितलं होतं की काळजीचं कारण नाही, वाइन घ्या आणि निवांत राहा. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी असे सातही जण दोषी ठरले, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा फक्त कमी झाली. जगभर बातमी काय गेली, तर भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग. खटला भाकिताचा नव्हताच, खोटा दिलासा दिल्याचा होता. हा एक परिच्छेद नीट लिहिलात तरी मराठी वाचकावर उपकार होतील, कारण आपल्याकडे पण तीच अर्धी बातमी फिरते.

आणि रंग! तुमचे संत्र्याच्या भावाचे काका मला फार आवडले, लेखात येणार नाहीत ते वाईट, पण त्यांचं म्हणणं दुसऱ्या मार्गाने येऊ शकतं. हवामान खात्याच्या रंगांत हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाला. आता कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. म्हणजे आकाशातला पिवळा हा खालून दुसरा आणि डब्यावरचा पिवळा वरून दुसरा, आणि डब्यावरचा हिरवा हे सुद्धा विषच आहे, हवामानातल्या हिरव्यासारखं 'जा बिनधास्त' नाही. दोन्ही रंग बघणारा शेतकरी एकच, खरिपात एकाच दिवशी मोबाइलवर एक आणि हातात दुसरा. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली. त्याला रंगच कारणीभूत होते असं मी अजिबात म्हणत नाही, मास्क नव्हते, औषधांची मिश्रणं होती, पीक डोक्याच्या वर वाढलं होतं, उकाड्यात कोण अंग झाकून फवारतं. पण लेबल वाचून विष ओळखायचं, ही जी अपेक्षा आहे ना, ती कोणाकडून आणि कोणत्या भाषेत, हा जोखीम संवादातला विदर्भाचा प्रश्न आहे. दोन्ही रंगव्यवस्थांना अधिकृत संदर्भ मिळतात. फक्त शेजारी शेजारी ठेवा, 'यामुळे गोंधळ होतो' असा निष्कर्ष स्वतःच्या मनाने काढू नका, नाहीतर जुने खातेदार येतील.

---

जुना_खातेदार (बुधवार, रात्री ११:०५)

आलोच आहे. शेजारी शेजारी ठेवून वाचकाच्या डोक्यात निष्कर्ष पेरणं हेही आम्ही ओळखतो बरं का. पण कोष्टक करून वेगवेगळ्या विभागात दिलंत तर मी डोळेझाक करीन.

---

संत्राबर्फी (गुरुवार, संध्याकाळी ७:२०)

तुम्ही सगळे मस्त आहात, खरंच. मॅडमशी बोलले. शब्दसंख्येवर त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, विभागाला काहीतरी मोजता येईल असं दाखवावं लागतं म्हणाल्या, पण प्रत्येक परिच्छेदाला किती संदर्भ ते मोजायला तयार झाल्या. सहाही जणांची वेगळी खाती झाली, सगळी एकाच दिवशी लॅबमधून काढली, बरोबर सहा आहोत म्हणून वाचलो, मागच्या बेंचवरच्या ग्रुपला नकार आला 😄

पहिला परिच्छेद असा केलाय, झोडा:

'जोखीम संवाद म्हणजे एखाद्या धोक्यामुळे होऊ शकणाऱ्या हानीबद्दल तज्ज्ञ, शासन, माध्यमे आणि त्या हानीची झळ पोचू शकणारे लोक यांच्यात होणारी माहितीची, मतांची आणि शंकांची देवाणघेवाण. धोका हा एखाद्या वस्तूचा, प्राण्याचा किंवा घटनेचा हानी करण्याचा गुण असतो, तर जोखीम ही त्या धोक्याशी कोणाचा, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत संबंध येतो यावर ठरते.'

दुसरं वाक्य मलाच तीनदा वाचावं लागलं. 'जोखीम' शब्द मुळात बरा आहे का? माझे बाबा बँकेत होते, त्यांना जोखीम म्हटलं की कर्जच आठवतं. पण 'धोका' दोन्हीकडे वापरला तर व्याख्याच कोसळते.

---

चौथं_वर्ष_चालू (गुरुवार, रात्री ८:००)

जोखीमच ठेवा. शब्द चुकला की किती महागात पडतं ते कोविडमध्ये पाहिलंय. 'सोशल डिस्टन्सिंग'चं आपण 'सामाजिक अंतर' केलं, आपल्या देशात सामाजिक अंतर या शब्दाला आधीच काय इतिहास आहे ते सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा २०२० च्या मार्चमध्येच 'फिजिकल'वर आली, पण मराठीत पहिलाच शब्द रुळून बसला होता, दुकानांच्या दारावर वर्षभर तोच होता. हा परिच्छेदही होऊ शकतो तुमचा, भाषांतरावर.

---

तर्रीवाला (गुरुवार, रात्री ८:३४)

ताई, ते दुसरं वाक्य मीपण तीनदा वाचलं आन मंग जेवायले गेलो.

आमच्याकडं सिंदेवाहीले आत्या राहते, तिच्या भाषेत सांगतो. वाघ जंगलात आहे, हा झाला धोका. तो काल होता, आज आहे, उद्या राहीन, तुम्ही नागपुरात पंख्याखाली बसले असान तरी आहे. आता मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चार वाजता आत्या मोहफूल वेचाले जाते, खाली वाकून, एकटी, अंधारात, ही झाली जोखीम. वाघ तोच आहे. जो माणूस मोह वेचत नाही त्याले धोका तेवढाच आन जोखीम शून्य. आन आत्याले माहीत नाही असं नाही, तिले तुमच्याहून जास्त माहीत आहे, वास घेऊन सांगते. पण मोह नाही वेचला तं पावसाळ्यात खाणार काय, म्हणून जाते. तिले पत्रक वाटून काय फायदा.

हे टाका लेखात. संदर्भ आत्या.

---

सलाईन_आणि_गोळी (गुरुवार, रात्री ९:१०)

माझ्या बांधकामवाल्या पेशंटचंही असंच आहे. '१२ ते ४ बाहेर पडू नका' म्हटलं की हसतात. एकाने विचारलं होतं, मॅडम, त्या चार तासाचे पैसे तुम्ही देता का.

---

जुना_खातेदार (गुरुवार, रात्री ९:४०)

आत्या चालणार नाहीत. पण मोहफुलं वेचताना झालेल्या वाघाच्या हल्ल्यांवर वन्यजीव अभ्यासकांचं छापील लिखाण आहे, त्यातून हे उदाहरण सन्मानाने आणता येईल. आणि व्याख्येतलं दुसरं वाक्य तोडा. 'वाघ जंगलात असणे हा धोका. पहाटे त्या जंगलात मोहफुले वेचायला जाणाऱ्याच्या वाट्याला येते ती जोखीम.' अशी दोन वाक्यं. व्याख्या उदाहरणाने करू नये असा नियम कुठेही नाही.

---

संत्राबर्फी (शुक्रवार, रात्री १२:५०)

वाघ घातला. संदर्भ दोन मिळाले, एक मराठी पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतच होतं. ५६ डिग्री 'माध्यमे आणि दुरुस्ती' या विभागात गेलं, ४४ च्या दोन केंद्रांसकट आणि खात्याच्या स्पष्टीकरणासकट. रंगांची दोन कोष्टकं दोन वेगळ्या विभागांत आहेत, निष्कर्ष काढलेला नाही, शपथ. '१२ ते ४'च्या जागी कोण तसा सल्ला देतं ते आलं, आणि त्याच परिच्छेदात रोजंदारीवरच्या लोकांना तो पाळणं का परवडत नाही याचा संदर्भ एका प्रकाशित अभ्यासातून मिळाला, माझे चौदा जण मागच्या दाराने आल्यासारखं वाटलं.

सिस्टर, 'लू लागणे' आणि 'ऊन लागणे' दोन्ही टाकून बघा, आता उष्माघातावर जातं. 'ऊन भोवणे' पण केलंय.

एकच भानगड आहे. सगळं कापून, तोडून, आज्ञार्थी वाक्यं काढून लेख झालाय जेमतेम ९४० शब्दांचा, आणि हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

---

तर्रीवाला (शुक्रवार, रात्री १२:५३)

लू टाकलं, उघडलं. मामेसासऱ्यांले लिंक पाठवून राहिलो, छप्पनवाल्या विभागाची.